डिस्चार्ज समरी लिहायला एआयची मदत: केस पेपरपासून सहीपर्यंत

डिस्चार्ज समरी, म्हणजे रुग्णाला घरी सोडताना दिला जाणारा उपचारांचा लेखी सारांश, ज्या डॉक्टरच्या हातात पडते त्याने बहुतेकदा रुग्णाला वॉर्डात पाहिलेलं नसतं. आठवड्याने फॉलो-अपला आलेला किंवा रात्री दोन वाजता पुन्हा धाप लागून कॅज्युअल्टीत आणलेला रुग्ण समोर असतो, आणि आधी काय घडलं ते त्या दोन पानांतूनच कळायचं असतं. ही पानं वेळेवर पोचतातच असंही नाही. 2007 साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका आढाव्यात, पहिल्या फॉलो-अपच्या वेळी समरी उपलब्ध असण्याचं प्रमाण जेमतेम 12 ते 34 टक्के आढळलं होतं. याचं एक कारण वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. समरी दिवसाच्या शेवटी लिहिली जाते, बहुधा सर्वांत दमलेल्या ज्युनियरकडून, आणि पुढचा रुग्ण त्याच बेडची वाट पाहत असताना.

इथे भाषा मॉडेलची, म्हणजे मजकूर वाचून नवा मजकूर लिहिणाऱ्या एआयची, खरोखर मदत होते. पण ती कुठवर होते ते आधी नीट समजून घ्यायला हवं. कागदावर जे आहे ते मॉडेल चांगलं मांडतं. समरीतला सर्वांत मोलाचा भाग मात्र पुष्कळदा कागदावर उतरलेलाच नसतो. औषध का थांबवलं, कुठलं निदान विचारात घेऊन सोडून दिलं, रुग्ण घरी गेल्यावर कशाची धास्ती वाटते, हे सगळं डॉक्टरच्या डोक्यात असतं. तो भाग तुम्ही द्यायचा, मांडणी मॉडेलकडून करून घ्यायची आणि आलेला मसुदा केस पेपरशी ताडून पाहायचा. खालची सगळी पद्धत याच वाटणीवर उभी आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को केंद्रातल्या 100 ॲडमिशन्सवरचा एक अभ्यास 2025 मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. मॉडेलच्या समरी एकूण दर्जात डॉक्टरांच्या समरींच्या बरोबरीच्या ठरल्या. त्या अधिक आटोपशीर आणि सलग वाचता येण्याजोग्या होत्या, पण त्यांत तपशील कमी होते आणि चुका सरासरीने जास्त होत्या. सुबक भाषेत सुटलेला तपशील चटकन डोळ्यांत भरत नाही, म्हणून हा निष्कर्ष लक्षात ठेवूनच कामाला लागावं.

आधी परवानगी, मग रुग्णाची ओळख

रुग्णालयाने मान्यता दिलेलं साधन असेल तर तेच वापरा. माहिती कुठे साठते, किती दिवस राहते, मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाते का, हे लेखी करारात असायला हवं. काही रुग्णालयं खुली, म्हणजे कुणालाही उतरवून घेता येणारी, मॉडेल्स स्वतःच्याच सर्व्हरवर चालवतात, तिथे माहिती बाहेर जाण्याचा प्रश्न बराच सुटतो. फोनवरच्या सर्वसाधारण चॅट ॲपमध्ये केस पेपरचा फोटो टाकणं मात्र पूर्णपणे चूक आहे, घाई कितीही असली तरी.

मान्यता मिळाली तरी गरजेपुरतीच माहिती द्यावी. नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली, असा एक समज आहे. अमेरिकेच्या हिपा या आरोग्य-माहितीच्या गोपनीयतेच्या नियमांत ओळख पटवणाऱ्या 18 प्रकारच्या गोष्टी दिल्या आहेत. त्यांत नाव, फोन आणि नोंदणी क्रमांक तर आहेतच, शिवाय ॲडमिशन-डिस्चार्जच्या तारखा आणि 89 वर्षांवरचं नेमकं वयही आहे. तुमच्याकडे कायदा वेगळा असला तरी ही यादी समोर ठेवावी. तारखांच्या जागी ‘दिवस 1’, ‘दिवस 2’ लिहावं. फाइलचं नाव, पीडीएफच्या डोक्यावरची पट्टी आणि स्कॅनच्या कोपऱ्यातलं लेबल या तीन जागा हमखास राहून जातात. शिवाय एखादी घटना सगळ्यांना माहीत असलेली असेल, तर नाव काढूनही रुग्ण ओळखू येतो.

मॉडेल उघडण्याआधी पाच ओळी

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्या पद्धतीत हीच सर्वांत महत्त्वाची आहे. केस पेपर चिकटवण्याआधी स्वतःच्या शब्दांत पाच ओळी लिहा: रुग्ण कशासाठी आला आणि शेवटी काय ठरलं, कुठली निदानं तपासली आणि ती का मागे पडली, कुठली औषधं बदलली आणि का, कोणते रिपोर्ट यायचे आहेत आणि ते कोण पाहणार, आणि कशामुळे रुग्ण परत येऊ शकतो.

एक काल्पनिक रुग्ण घेऊ. 62 वर्षांची स्त्री, मधुमेह आणि रक्तदाब, ताप आणि धाप लागली म्हणून दाखल. तिच्या पाच ओळी अशा होतील (मेटफॉर्मिन आणि लिनाग्लिप्टिन ही मधुमेहाची औषधं, टेल्मिसार्टन रक्तदाबाचं; क्रिएटिनिन ही किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी; स्मिअर म्हणजे थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, कल्चर म्हणजे तिच्यातले जंतू वाढवून पाहणं):

उजव्या खालच्या लोबचा न्यूमोनिया, सेफ्ट्रिॲक्सोन आणि ॲझिथ्रोमायसिनने उतार पडला.
वजन घटल्याचं सांगत होती म्हणून क्षयरोगाची शंका होती. थुंकीचा स्मिअर निगेटिव्ह, पण कल्चर अजून आलेलं नाही, त्यामुळे शंका पूर्ण फिटलेली नाही.
क्रिएटिनिन 1.9 झालं म्हणून मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन थांबवल्या, डिस्चार्जला 1.4 आहे, आठवड्याने पुन्हा पाहून मग ठरवायचं.
सीटीत डाव्या वरच्या लोबमध्ये 7 मिलिमीटरची घट्ट गाठ योगायोगाने दिसली, 6 ते 12 महिन्यांत पुन्हा सीटी.
मेटफॉर्मिनऐवजी तात्पुरती लिनाग्लिप्टिन दिली आहे, साखर वाढू शकते; घरी रोज मोजायला सांगितलं आहे.

हे लिहायला फार वेळ लागत नाही. पण यातली ‘का’ची उत्तरं बहुतेक केस पेपरमध्ये सापडत नाहीत. ‘होल्ड मेटफॉर्मिन’ (मेटफॉर्मिन थांबवा) एवढंच लिहिलेलं असतं. मॉडेलला कारण दिलं नाही तर ते एकतर गप्प बसतं किंवा अंदाजाने कारण जोडतं, आणि तो अंदाज वाचायला अगदी पटणारा असतो.

बाकी राहिलेल्या रिपोर्टची ओळ कधीच सोडू नका. 2005 च्या एका अमेरिकी अभ्यासात 41 टक्के रुग्ण घरी गेले तेव्हा कुठला ना कुठला रिपोर्ट यायचा होता, आणि त्यांतले कित्येक रिपोर्ट आले हे संबंधित डॉक्टरांना कळलंच नव्हतं. वरच्या उदाहरणात क्षयरोगाच्या कल्चरला सहा आठवडे लागू शकतात. तोवर वॉर्डातली डॉक्टरांची तुकडी बदललेली असते. म्हणून ‘कल्चर बाकी’ एवढ्याने भागत नाही. ते कोण पाहणार आणि रुग्णाला कोण कळवणार, हेही समरीत हवं.

काय द्यायचं, काय नाही

सगळी फाइल एकदम ओतू नये. मॉडेलला लांबलचक मजकूर दिला की सुरुवातीची आणि शेवटची माहिती ते जास्त धरतं आणि मधली निसटते, हे 2023 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. नवी मॉडेल्स याबाबतीत सुधारली आहेत, तरी पंधरा दिवसांच्या ॲडमिशनची महत्त्वाची गोष्ट नेमकी मधल्याच दिवसांत घडलेली असू शकते.

मी हा क्रम ठेवायला सांगेन: तुमच्या पाच ओळी सर्वांत वर, मग ॲडमिशन नोट, दुसऱ्या विभागांची मतं, ऑपरेशन झालं असल्यास ऑपरेशन नोट, प्रकृतीत वळण आलं त्या दिवसांच्या राउंड नोट (डॉक्टरांच्या रोजच्या फेरीच्या नोंदी), शेवटच्या दोन दिवसांच्या नोट आणि इमेजिंगचे पूर्ण रिपोर्ट. रक्ततपासण्यांचे सगळे आकडे देण्याऐवजी दाखल होतानाचा, सर्वांत बिघडलेला आणि शेवटचा आकडा दिवसासह द्यावा. प्रत्येक कागदावर शीर्षक घालावं, ‘राउंड नोट, दिवस 3’ असं, म्हणजे मॉडेलला कुठलं वाक्य कुठून घेतलं ते सांगता येतं.

हस्ताक्षरातल्या नोट फोटोवरून वाचायला लावत असाल, तर आधी नुसता मजकूर काढून घ्या, तो डोळ्यांखालून घाला आणि मगच समरीकडे वळा. दोन्ही एका दमात करून घेतलं तर चुकीचं वाचलेलं अक्षर सुबक वाक्यात दडून जातं.

प्रॉम्प्ट

प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला द्यायची सूचना, मोठा नको, पण नेमका हवा. हा नमुना तुमच्या विभागाच्या साच्याप्रमाणे बदलून घ्या:

‘खाली एका रुग्णाचे कागद आहेत. त्यांवरून पुढील डॉक्टरसाठी डिस्चार्ज समरीचा मसुदा तयार कर. विभाग: दाखल होण्याचं कारण, अंतिम निदान, वॉर्डातला प्रवास समस्यांनुसार, महत्त्वाचे निष्कर्ष, केलेल्या प्रक्रिया, डिस्चार्जच्या वेळची स्थिती, बाकी रिपोर्ट, पुढील डॉक्टरने करायच्या गोष्टी. औषधांची यादी लिहू नकोस. कागदांत नसलेलं काहीही घालू नकोस. माहिती नसेल तिथे “नोंद नाही” असं लिही. शंका, प्रश्नचिन्ह आणि शक्यता जशाच्या तशा ठेव, त्यांचं निदान करू नकोस. प्रत्येक वाक्यापुढे ते कुठल्या कागदातून घेतलं ते कंसात दे. दोन कागदांत विसंगती असेल तर एक बाजू निवडू नकोस, शेवटी “विसंगती” या मथळ्याखाली दोन्ही मांड.’

यातलं शेवटचं वाक्य फार उपयोगी पडतं. मॉडेलचा कल गोष्ट सुरळीत करण्याकडे असतो, आणि केस पेपर तर विसंगतींनी भरलेले असतात. त्या दाखवायला सांगितलं की समरीबरोबर केस पेपरचीही तपासणी होते. कंसातला संदर्भही असाच मदतीचा, मात्र मॉडेल चुकीचा कागद दाखवू शकतं. तेव्हा संदर्भ आहे म्हणून वाक्य खरं मानू नका; तो कागद उघडून पाहा. सहीआधी हे सगळे कंस काढून टाकायचे.

‘वॉर्डातला प्रवास समस्यांनुसार’ हे मुद्दाम म्हटलं आहे. दिवसांनुसार लिहिलं की रोजनिशी तयार होते आणि वाचणाऱ्याला किडनीचं काय झालं हे पाच ठिकाणांहून वेचावं लागतं.

मसुदा वाचताना

वरच्या रुग्णाच्या पाच ओळी न देता, नुसते केस पेपर देऊन, साध्या प्रॉम्प्टवर मसुदा मागवला तर असा परिच्छेद येऊ शकतो:

‘रुग्णास पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. छातीच्या सीटीत उजव्या खालच्या लोबमध्ये न्यूमोनिया आढळला. क्षयरोगाची तपासणी निगेटिव्ह आली. रुग्णाची प्रकृती सुधारली असून तिला दोन लिटर ऑक्सिजनवर स्थिर अवस्थेत घरी सोडण्यात येत आहे.’

भाषा स्वच्छ आहे आणि चारही वाक्यांत घोटाळा आहे.

ॲडमिशन नोटमध्ये ‘पेनिसिलिन ॲलर्जी?’ असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलीने सांगितलं की पूर्वी त्या गोळ्यांनी फक्त जुलाब झाले होते. पुरळ, सूज, धाप काही नव्हतं. मॉडेलने प्रश्नचिन्ह गाळलं आणि ॲलर्जी पक्की केली. हे वाक्य तसंच राहिलं तर एकीकडे घरी घ्यायला दिलेल्या, पेनिसिलिनच्याच गटातल्या ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटशी त्याचा मेळ बसत नाही, आणि दुसरीकडे हा शिक्का पुढची कितीतरी वर्षं तिच्या प्रत्येक कागदावर उतरत राहील. एकदा लिहिलेली ॲलर्जी पुसायला कुणी धजावत नाही.

दुसऱ्या वाक्यात जे लिहिलंय ते बरोबर आहे, जे नाही ते धोक्याचं आहे. सीटी रिपोर्टच्या शेवटच्या ओळीतली 7 मिलिमीटरची गाठ आलीच नाही. दाखल होण्याच्या कारणाशी तिचा संबंध नव्हता, म्हणून मॉडेलला ती बिनमहत्त्वाची वाटली असणार. योगायोगाने सापडलेल्या गोष्टी अशाच सुटतात, आणि त्यांचा पाठपुरावा करण्यासाठी समरी हाच एकमेव धागा असतो.

तिसऱ्या वाक्यात स्मिअरचा निकाल सगळ्या तपासणीचा निकाल होऊन बसला. कल्चर बाकी आहे हे पुढच्या डॉक्टरला कळणारच नाही. याच्या उलटही घडतं: ‘क्षयरोग नाकारायचा आहे’ एवढी नोंद असते आणि मसुद्यात क्षयरोग निदानांच्या यादीत जाऊन बसतो.

ऑक्सिजनची चूक मुळात माणसांची आहे. रुग्ण तिसऱ्या दिवशीच ऑक्सिजनशिवाय होती, पण राउंड नोट कॉपी-पेस्ट होत राहिली आणि ‘दोन लिटर’ शेवटच्या दिवसापर्यंत टिकलं. मॉडेलने कागद वाचला, रुग्णाला पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं आहे. म्हणून ‘डिस्चार्जच्या वेळची स्थिती’ हा भाग शक्यतो स्वतः लिहावा. शुद्ध, चालणं, ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब, ड्रेन किंवा कॅथेटर असेल तर त्याची नोंद, एवढं पुरतं.

औषधांची यादी वेगळी आणि हाताने

औषधांचा भाग मॉडेलला रचायला देऊ नये, या मताचा मी आहे. इथे एक शून्य इकडचं तिकडे झालं तरी इजा होते. रुग्णालयाच्या औषध-प्रणालीतून यादी थेट येत असेल तर तीच घ्यावी. नसेल तर दाखल होण्याआधीची औषधं आणि शेवटच्या दिवसाची ट्रीटमेंट शीट शेजारी ठेवून स्वतः लिहावी. चार गट करावेत: तीच सुरू, डोस बदललेली, थांबवलेली, नवी. आपल्या रुग्णाची आधीपासूनची कोलेस्टेरॉलची गोळी ॲटोरव्हास्टॅटिन पहिल्या गटात, मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन तिसऱ्यात, लिनाग्लिप्टिन आणि उरलेल्या दिवसांची ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट चौथ्यात. थांबवलेल्या औषधापुढे कारण आणि पुन्हा कधी, कुणी ठरवायचं, हे हवंच. नाहीतर घरात शिल्लक असलेली जुनी पाकिटं पुन्हा सुरू होतात, किंवा तात्पुरती थांबवलेली गोळी कायमची सुटते.

लिहिण्याचे जुने नियम इथेही लागू: 1.0 ऐवजी 1, नुसत्या .5 ऐवजी 0.5, आणि ‘युनिट’ हा शब्द पूर्ण.

यादी झाल्यावर मॉडेलला उलट काम द्यावं: ‘ही अंतिम यादी आणि हे आधीचे कागद, ज्या औषधाचं काय झालं ते यादीतून कळत नाही अशी औषधं दाखव.’ चूक शोधून दाखवण्याच्या या कामात त्याचा चांगला उपयोग होतो, कारण निर्णय तुमच्याच हातात राहतो.

तपासणी दोन्ही दिशांनी

बहुतेक जण मसुदा हातात घेतात आणि प्रत्येक वाक्य केस पेपरमध्ये आहे का ते पाहतात. त्याने मनाने घातलेल्या गोष्टी सापडतात, सुटलेल्या सापडत नाहीत. सुटलेल्या सापडायच्या तर उलटं जावं लागतं: इमेजिंगचे रिपोर्ट, दुसऱ्या विभागांची मतं आणि बाकी तपासण्यांची यादी हातात घ्यायची आणि त्यांतली प्रत्येक महत्त्वाची ओळ मसुद्यात आली का ते बघायचं. गाठ याच फेरीत सापडते. हे काम मसुदा वाचण्याआधी केलं तर उत्तम. ओघवता मजकूर एकदा वाचला की तो पूर्ण असल्याची भावना होते आणि मग कागद उघडावेसे वाटत नाहीत.

पहिल्या फेरीत आकडे आणि त्यांची एककं, डावं-उजवं, ‘नाही’ असलेली वाक्यं, आणि ‘दिवस 4’वरून परत खऱ्या तारखा करताना झालेली सरमिसळ, यांवर बोट ठेवून जावं. इथे शितावरून भाताची परीक्षा करून चालत नाही. आठ वाक्यं बरोबर निघाली म्हणून नववं बरोबर असेलच असं नाही.

आणखी एक खबरदारी. तपासून झालेला मसुदा मॉडेलला ‘जरा लहान कर’ म्हणून परत देऊ नका. नव्या मजकुरात शब्द बदलतात, एखादं वाक्य गळतं, आणि तुमची तपासणी जुन्या मजकुराची असते. लहान करायचा तर तपासणीआधी करून घ्या, नंतरचे बदल हाताने करा.

रुग्णासाठी वेगळी प्रत

डॉक्टरसाठीची समरी रुग्णाला समजत नाही, आणि समजावी अशी लिहिली तर डॉक्टरच्या कामाची राहत नाही. सोप्या भाषेतली दुसरी प्रत करून देण्यात मॉडेलचा हात चांगला चालतो. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या 50 समरींवरचा अभ्यास 2024 मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये आला. मॉडेलने सोप्या केलेल्या प्रती अकरावीच्या पातळीवरून साधारण सहावीच्या पातळीवर उतरल्या. पण डॉक्टरांनी केलेल्या परीक्षणांपैकी 18 टक्क्यांत सुरक्षिततेची काळजी नोंदवली गेली, मुख्यतः काही गोष्टी गळाल्यामुळे. म्हणून ही प्रत सही झालेल्या समरीवरून काढावी, कच्च्या मसुद्यावरून नव्हे, आणि तीही पूर्ण वाचावी.

तिच्यात चार गोष्टी आल्या की पुरे: काय झालं होतं, कुठली गोळी कधी घ्यायची आणि कुठली घ्यायची नाही, पुढे कधी यायचं, आणि काय झालं तर लगेच यायचं. ‘तब्येत बिघडल्यास संपर्क करा’ या वाक्याने कुणाला काही कळत नाही. ‘बोलताना धाप लागली, ताप परत आला, दिवसभर लघवी फारच कमी झाली तर लगेच या’ असं लिहावं. दुसऱ्या भाषेत करून घेतलेली प्रत ती भाषा घरी बोलणाऱ्या डॉक्टरने किंवा नर्सने वाचावी. ‘दिवसाआड’ आणि ‘दिवसातून दोनदा’ यांची अदलाबदल झाली तर वाक्य शुद्धच राहतं, डोस चुकतो. प्रत हातात दिल्यावर रुग्णाला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावावं.

कुठे वापरू नये, आणि नोंद

वॉर्डात मृत्यू झालेला रुग्ण, पोलीस केस, उपचारात झालेली चूक किंवा गुंतागुंत, स्वतःच्या जबाबदारीवर घरी जाणारा रुग्ण: इथे प्रत्येक शब्दाला वजन असतं, तो तुमचाच असू द्या. दोन दिवसांच्या साध्या ॲडमिशनलाही याची गरज नाही, ती समरी हाताने लवकर होते. खरा फायदा लांब आणि अनेक विभागांतून फिरलेल्या ॲडमिशनमध्ये, आणि तिथेच तपासणीला वेळही जास्त द्यावा लागतो.

विभागात एक सामाईक वही ठेवा. मसुद्यात सापडलेली प्रत्येक चूक एका ओळीत लिहायची, रुग्णाची ओळख न लिहिता: काय सुटलं, काय मनाने घातलं, कुठल्या कागदामुळे. थोड्याच काळात दिसायला लागतं की आपल्याकडे कुठल्या चुका वारंवार होतात. त्यांतल्या काही प्रॉम्प्टमध्ये एक वाक्य घालून थांबतात. ऑक्सिजनसारख्या चुका मात्र राउंड नोट कॉपी-पेस्ट करणं थांबवल्याशिवाय जात नाहीत. मॉडेलची नवी आवृत्ती आली की त्या वहीतले जुने नमुने पुन्हा चालवून पाहावेत आणि मगच ती वॉर्डात वापरायला घ्यावी.